चांदाड्याचं पान

"हलू नकोस," खांबेटे सर म्हणाले, म्हणून मी हलले नाही.

माझ्या मनगटावरून एक हिरवी अळी कोपराकडे निघाली होती. मधूनच ती पुढचं अंग उचलायची, हवेत चाचपायची आणि पुन्हा कातडीवर टेकायची. तिचा गार, ओलसर स्पर्श मला थेट घशात जाणवत होता. दुसऱ्या हातात मी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला होता, उजेड परतवण्यासाठी. सर ओल्या बांधावर गुडघे टेकून नाचणीच्या कणसावरच्या चतुराचे फोटो काढत होते. चतुराच्या पंखांवर दवाचे बारीक थेंब चमकत होते. त्या दिवशी दव पडलंच नव्हतं. ते सरांनी अत्तराच्या जुन्या बाटलीतून फवारलं होतं.

"झालं," ते उठत म्हणाले. "आता झटक ती अळी. पण टिकलीस हं. दोन वर्षांपूर्वी किंचाळून अर्ध्या रानातले किडे उडवले असतेस."

मी हसले. अळी झटकली आणि जागा ओढणीने खसखसून पुसली.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि गडहिंग्लजच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होते. किड्यांची मला लहानपणापासून किळस. झुरळ दिसलं की जेवण सोडून उठायची. मग एकदा खांबेटे सर शाळेत त्यांचे फोटो दाखवायला आले. पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या दाढीचे, बोलायला अतिशय गोड. पडद्यावर त्यांनी माशीचा डोळा दाखवला, भिंतीएवढा. त्यात जांभळ्या-हिरव्या रंगाच्या पट्ट्या होत्या. अख्खा हॉल "आ" करून बघत राहिला, आणि मीही. त्या रात्री मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं. ते त्यांना इतकं आवडलं की दोन महिन्यांत एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचा फोटो आणि खाली माझं टिपण असं सदर सुरू झालं. "छायाचित्र : अविनाश खांबेटे. शब्द : हेमांगी शिंत्रे." आमच्या घरात माझ्या आधी कोणाचं नाव छापून आलं नव्हतं. वडील ती कात्रणं दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

आता त्याच सदराचं पुस्तक होणार होतं. मुखपृष्ठावर दोघांची नावं. शेवटच्या विभागाला सरांनी 'कुटुंब' असं नाव दिलं होतं आणि त्यात नेमका आईचा फोटो नव्हता.

"पिल्लांजवळ बसलेली आई हवी," सर फोनवर म्हणाले होते. "माणसाला दुसरं काही कळत नाही. आई कळते."

मी शाळेत हे बोलले, तेव्हा आमच्या ग्रंथपाल सुलभाबाई म्हणाल्या, "आमची यल्लूमावशी सांगत होती बघा. तिच्या शेताकडच्या रानात एक लाल किडा अंडी घेऊन बसलाय म्हणे. रोज बघायला जाते. वेडीच आहे ती."

म्हणून आम्ही हेळेवाडीला आलो होतो. चंदगडच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाशी वसलेली तीस-पस्तीस घरं. ऑक्टोबरचे दिवस. खाली भात, वर नाचणी, आणि नाचणी संपली की लगेच रान.

सरांबरोबर मी पूर्वी फक्त एकदाच हिंडले होते, तेही तासभर. बाकी सगळं फोटो टपालाने येणार आणि मी ते टेबलावर ठेवून लिहिणार, असं. त्यामुळे सर काम कसं करतात हे त्या सकाळी मी पहिल्यांदा नीट बघत होते. त्यांच्या खांद्याला एक स्टीलचा थर्मास होता. त्यात चहा असेल अशी माझी समजूत. त्यांनी झाकण उघडलं तर आत बर्फ, आणि बर्फात औषधाच्या गोळ्यांच्या छोट्या डब्या. एकीतून तो चतुर निघाला होता. दुसरीतून त्यांनी चिमट्याने एक खंडोबा नावाचा किडा बाहेर काढला. प्रार्थना करतो तसे पाय जुळवलेला, पोपटी, आणि लाकडासारखा ताठ.

"हा कुठे सापडला, सर?"

"हा? कोथरूडला. आमच्या गच्चीतल्या कुंडीत. गुरुवारपासून आहे फ्रिजमध्ये." त्यांनी तो कणसावर बसवला, पाय वाकवून. "थंडीने हलत नाहीत. पाच-सात मिनिटं मिळतात. हिची कटकट असते बघ, हिच्या भाजीच्या कप्प्यात हे ठेवले की."

'हिची' म्हणजे त्यांच्या बायकोची. ते हसले. मीही हसले, पण मला आठवलं की आषाढात मी एका टिपणात लिहिलं होतं, "सह्याद्रीच्या कड्यावर पाऊस अंगावर घेत हा योगी तासन्‌तास उभा असतो." तोसुद्धा कुंडीतला होता का, हे मी विचारलं नाही.

नाचणीच्या वरच्या टोकाला सुलभाबाईंची मावशी, यल्लूआक्का, आमची वाट बघत उभी होती. पंचावन्नच्या आसपासची, काटकुळी. नऊवारीचा काचा मारलेला, हातात विळा, कपाळाला गोंदण. मागे दोन म्हशी.

"या बाई, या. वाईच दमानं, बांद निसरडा हाय." मग सरांकडे बघून, "सायेब, पान्यातनं आलासा व्हय? पाय भिजलं की."

"चालतंय आक्का," सर म्हणाले. "कुठे आहे तुमची पाहुणी?"

ती आम्हाला रानात घेऊन गेली. दाट नव्हतं ते. किंजळ, जांभूळ, खाली करवंदीच्या जाळ्या. एका ओघळीच्या कडेला चांदाड्याचं झाड होतं. चांदाड्याची पानं जेवणाच्या ताटाएवढी, गोल, आणि देठ कडेला नसून पानाच्या आतल्या बाजूला जोडलेला. आक्काने एक फांदी हळूच वाकवली आणि पान बोटाने उचललं.

पानाच्या पोटाशी ती बसली होती. नखाएवढी, नारिंगी, पाठीवर काळे ठिपके. ढालकिडा म्हणतात त्या जातीतली. तिच्या पोटाखाली मोहरीच्या दाण्यांसारख्या अंड्यांचा दाट थर होता. त्यातली निम्मी फुटली होती आणि त्यातून निघालेली लालभडक पिल्लं, टाचणीच्या टोकाएवढी, एकमेकांना चिकटून वळवळत होती. मला शहारा आला. फोडातून काहीतरी बाहेर यावं तसं ते दिसत होतं.

"आट दिस झालं," आक्का कुजबुजत म्हणाली. घरात तान्हं मूल निजलं असावं तशी. "म्हसरं सोडाय येते तवा रोज बगते. हितनं हाललेली न्हाई. पोटाला काय न्हाई, पान्याचा थेंब न्हाई. परवा दिशी मुंग्या आल्या हुत्या तर आशी वाकडी झाली त्यांच्या अंगावर, ढाल धरल्यागत. माझ्या धाकट्याच्या टायमाला मी आशीच बसून हुते बगा, पावसात, गळक्या घरात."

"फारच सुंदर," सर म्हणाले. त्यांचा कॅमेरा आधीच बाहेर आला होता.

"हात तेवडा लावू नगा तिला, सायेब. आज-उद्या सगळी फुटतील, मग जाईल मोकळी हून."

"छे छे, आक्का. आम्ही हात कशाला लावतोय?"

"मग मी खोपीत जाऊन भाकरी थापते. बाई, जेवल्याबिगर जायाचं न्हाई." आणि ती म्हशींना हाक घालत खाली गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर सरांनी खिशातून कात्री काढली आणि पानाचा देठ कापला.

"सर..."

"इथे उजेड कुठाय? पानाच्या खाली बसलीय ती. तिथे झोपून वर कॅमेरा धरू का मी, या वयात?" ते पान दोन्ही हातांनी ताटासारखं धरून ओघळीबाहेर उन्हात आले. एका दगडावर पान उलटं ठेवलं. "थर्माकोल धर. डावीकडून."

ती हलली नाही. उन्हात तिचा रंग पेटल्यासारखा दिसत होता. सरांनी चार-पाच फोटो काढले आणि मान हलवली.

"नुसती पाठ दिसतेय. अंडी दिसत नाहीत, पिल्लं दिसत नाहीत. ठिपक्यांचं बटण दिसतंय. हिला जरा बाजूला सरकवायला हवं."

त्यांनी रंगाच्या मऊ ब्रशने तिला ढकललं. ती पानाला घट्ट धरून होती. पाय एकेक करून सुटले. अंड्यांच्या बाजूला, बोटभर अंतरावर, त्यांनी तिला ठेवलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. तेवढ्यात ती चालत परत अंड्यांवर जाऊन बसली.

पुन्हा ढकललं. पुन्हा आली. तिसऱ्यांदा सरांनी तिला पानाच्या पार कडेला नेऊन ठेवलं. ती थोडी गोंधळली, मिशा हलवल्या आणि सरळ रेषेत परत आली. पाचव्यांदा तिने एक थेंब सोडला. असह्य वास सुटला. सडलेल्या कोथिंबिरीसारखा, त्यात काहीतरी रॉकेलसारखं.

"घाण मारते साली," सर म्हणाले. इतक्या गोड बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. "हेमांगी, डबी दे."

बर्फातल्या डबीत ती दहा मिनिटं होती. तेवढ्या वेळात सरांनी पिशवीतून गोंदाची छोटी पिवळी नळी काढली. चप्पल चिकटवायला वापरतात तो, लगेच घट्ट होणारा. एका टाचणीच्या टोकावर त्यांनी त्याचा थेंब घेतला आणि टाचणी माझ्यासमोर धरली.

"माझी बोटं जाड. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्यांनी हात थरथरतो. तू लाव. मागचे दोन पाय फक्त. पुढचे मोकळे राहू देत, म्हणजे जिवंत दिसेल."

"चिकटवायची?"

"मग काय दिवसभर ढकलत बसू? ऊन वर यायला लागलंय. अगं, किडा आहे तो. त्याला दुखतबिखत नाही. विज्ञान शिकवतेस ना तू?"

मी टाचणी घेतली.

डावीकडचा मागचा पाय, मग उजवीकडचा. केसाएवढे पाय होते. श्वास रोखून मी एकेका पायाच्या टोकाला थेंब लावला आणि अंड्यांपासून बोटभर दूर, चिमट्याने पानावर दाबून धरला. थेंब कुठेही पसरला नाही. मधेच माझ्या लक्षात आलं की मला किळस येत नाहीये. लहानपणापासूनची ती किळस, नेमकी त्या वेळी कुठे गेली होती कोणास ठाऊक.

"काय हात आहे गं तुझा!" सर म्हणाले. "सर्जन व्हायला हवं होतंस."

मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. मला अतिशय बरं वाटलं.

उन्हाने ती हळूहळू जागी झाली. मिशा हलल्या, पुढचे पाय हलले. ती अंड्यांकडे निघाली आणि निघालीच नाही. मागचे पाय पानाला धरून राहिले. तिने पुन्हा ओढलं. सरांनी जांभळाच्या खोडावरून एक काडी आणली होती. तिच्यावर तांबडे मुंगळे पळत होते. ती काडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि पानाच्या पलीकडच्या बाजूला टेकवायला सांगितली.

मुंगळे उतरले. पहिल्याने एक पिल्लू उचललं आणि काडीवरून माझ्या बोटांच्या दिशेने निघाला. दुसऱ्याने दुसरं. ती पुढचे चारही पाय ताणून, सगळं अंग तिरपं करून त्यांच्याकडे झुकली. अंगाला कंप सुटला होता. पोहोचायला अर्धं बोट कमी पडत होतं. अंगठ्याच्या नखाएवढ्या जिवाने इतकं अंग ताणलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"वा! वा!" सरांचा कॅमेरा थांबत नव्हता. "बघ कशी वाकलीय पिल्लांवर. गोंजारतेय असं वाटतं. मुंगळे ब्रशने बाजूला कर जरा, फोटोत नकोत ते. हां, आता पुन्हा सोड."

मी बाजूला केले. पुन्हा सोडले. किती वेळा, ते आठवत नाही.

"ममता," शेवटी ते उठत म्हणाले. "शीर्षक ठरलं. ममता."

त्यांनी सामान आवरायला घेतलं. मी पानाजवळच बसून होते.

"हिला सोडवायचं कसं, सर?"

"राहू दे. पाय तुटतील."

मी नखाने प्रयत्न केला. एक पाय सुटला. म्हणजे तिच्यापासून सुटला. पानावर तो तसाच उभा राहिला, बारीक काळ्या काट्यासारखा. मग दुसरा. तिने माझ्या बोटांवर उरलेला सगळा वास सोडला आणि उरलेल्या चार पायांनी फरफटत अंड्यांकडे गेली. तिथे आता फारसं काही नव्हतं. फुटलेली टरफलं होती आणि मुंगळे होते. त्यांच्यावर ती जाऊन बसली.

मी ओघळीत जाऊन ओकले.

"पित्त झालंय तुला," सर मागून म्हणाले. "रिकाम्या पोटी उन्हात येऊ नये." मी तोंड धुऊन परत आले तोवर त्यांनी पान उचलून करवंदीच्या जाळीत भिरकावलं होतं.

आक्काच्या खोपीत नाचणीच्या गरम भाकऱ्या होत्या, लसणाची चटणी होती, वाटीभर घट्ट दही होतं. मी राखेने हात घासले, मातीने घासले. भाकरीचा तुकडा तोंडाजवळ आला की तो वास यायचा. सर मजेत जेवत होते.

"गावलं का मनासारकं?" आक्काने विचारलं.

"उत्तम," सर म्हणाले. "तुमच्यामुळे, आक्का."

"आनि ती? बरी हाय न्हवं?"

सर भाकरी मोडत होते. आक्का माझ्याकडे बघत होती.

"बरी आहे," मी म्हणाले.

"तुमी गेलासा की जाऊन बगून येते."

"आज नको, आक्का," मी म्हणाले. माझा आवाज मऊ झाला होता, अगदी तिच्यासारखा. "माणसांना बघून बिथरलीय ती. निवांत बसू दे आज."

"व्हय, ते बी खरं," आक्का म्हणाली आणि तिने माझ्या ताटात आणखी दही वाढलं.

आठवड्याने फोटो टपालाने आला. खरोखर सुंदर होता. गोंद दिसत नव्हता, मुंगळे दिसत नव्हते. नारिंगी आई लालचुटूक पिल्लांवर झुकली होती आणि मागे धूसर हिरवं रान. मी लिहायला बसले. वाटलं होतं, जमणार नाही. वीस मिनिटांत जमलं. "आठ दिवस अन्नपाण्याशिवाय," असं मी लिहिलं. "गळक्या घरात लेकराला उराशी धरून बसलेल्या माउलीसारखी," असंही लिहिलं. ते वाक्य आक्काचं होतं.

त्या टिपणाला जेवढी पत्रं आली तेवढी आधीच्या सगळ्या मिळून आली नव्हती. मिरजेच्या एका बाईंनी लिहिलं की त्यांनी तो फोटो देवघराजवळ लावलाय. आमच्या मुख्याध्यापिकांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर ते वाचून दाखवलं. मुली टाळ्या वाजवत होत्या. मी मान खाली घालून उभी होते. सगळ्यांना वाटलं, लाजतेय.

त्यानंतरच्या सोमवारी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, "बाई, तुमच्याकडं कोन तर आलंय."

शाळेच्या व्हरांड्यात, पायरीच्या कडेला, यल्लूआक्का बसली होती. धुतलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. सुलभाबाईंनी तिला पुरवणी पाठवली होती, कौतुकाने. ती तिने पिशवीतून काढून मांडीवर पसरली.

"ही तीच न्हवं?"

"हो, आक्का."

"सुनंनं वाचून दावलं. माझं बोलनं घातलंयसा त्यात. चांगलं हाय." तिने कागदावरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्या दिशी सांच्याला मी गेलते तितं. तुमी नगं म्हनलासा, पर ऱ्हावलं न्हाई. लांबनंच बगून येऊ म्हनलं."

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले.

"पान नव्हतं झाडाला. देठ कापल्याला. हिकडं-तिकडं हुडकलं, तर जाळीत गावलं. दोन पाय पानाला चिकटल्यालं हुतं तिचं. आनि ती बाजूला पडल्याली, मुंग्या लागल्या हुत्या." ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, माझ्याकडे न बघता. "मी कुनाला बोलले न्हाई. म्हनलं, शिकल्याली मानसं, काय तर कारन आसंल. आपल्याला काय कळतंय? औषिदबिषिद करत आसतील. पर मनातनं जाईना. म्हनून आले." आता तिने माझ्याकडे बघितलं. "काय कारन हुतं, बाई?"

घंटा झाली. मुली व्हरांड्यातून पळत वर्गात गेल्या. मी तिला पाणी आणून दिलं. चहा मागवते म्हणाले. ती थांबली, बराच वेळ थांबली. मग तिने पुरवणीची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि "गाडी चुकंल" म्हणून उठून गेली.

त्या दुपारी मी पुरवणीच्या संपादकबाईंना पत्र लिहिलं. तो फोटो खोटा आहे, असं. खांबेटे सरांनी पान कापलं, सरांनी किडा गोठवला, सरांनी गोंदाने चिकटवला, सरांनी मुंगळे सोडले. दोन पानं भरली. लिहिताना मला सरांची दाढी, त्यांचं गोड बोलणं, भाकरी मोडणारी त्यांची बोटं, सगळ्याची किळस येत होती, आणि त्या किळसेत एक सुखही होतं. पाकीट बंद करण्यापूर्वी मी पत्र पुन्हा वाचलं. त्या दोन पानांत मी कुठेच नव्हते. जणू आक्काबरोबर खोपीत भाकऱ्या थापत बसले होते.

मी पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. ते अर्ध्या पानाचं झालं. "गोंद मी लावला. मुंगळ्यांची काडी मी धरली. विचारल्यावर ती बरी आहे असं मी सांगितलं. आणि नंतर ते टिपण लिहिलं."

तीन आठवड्यांनी ते पत्र आतल्या पानावर, खाली, छोट्या अक्षरात छापून आलं. त्याच दिवशी सरांचा फोन आला. ते ओरडले नाहीत.

"तुझं नाव घालायची काय गरज होती?" ते म्हणाले. "माझ्यावर लिहिलं असतंस तर मी समजू शकलो असतो. तरुण आहेस, हळवी आहेस. पण स्वतःची नोकरी, स्वतःचं नाव... कशासाठी? एका किड्यासाठी?"

"सर, पुस्तकातून माझे शब्द काढा."

"ते तर काढावेच लागतील," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

पुस्तक पुढच्या वर्षी आलं, दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दांसह. 'ममता' त्यात होता, पूर्ण पानभर. नोकरी काही गेली नाही. पण मुख्याध्यापिका वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या, आणि एका पालकांनी मुलीला माझ्या तुकडीतून काढून घेतलं. वडिलांनी कात्रणांची वही दुकानातून घरी आणून माळ्यावर टाकली. एकदाच म्हणाले, "लोकांना दाखवायचं तरी काय आता?"

पत्र छापून आल्यावर पुढच्या रविवारी मी हेळेवाडीला गेले. नाचणीची कापणी चालली होती. आक्का एकटीच विळ्याने कणसं खुडत होती. मी बांधावर उभी राहिले आणि म्हणाले, "आक्का, तुम्ही विचारलं होतंत. वाचून दाखवू?"

तिने विळा कमरेला खोचला आणि ऐकायला उभी राहिली. मी वाचलं. अर्ध्या पानाचंच होतं. पण तिच्यासमोर ते वाचायला फार वेळ लागला. 'गोंद मी लावला' इथे मी थांबले, तेव्हा तिने मला थांबू दिलं.

वाचून झालं. ती काहीतरी राहिलंय अशी वाट बघत होती.

"झालं?"

"झालं, आक्का."

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"म्हंजे कारन कायच नव्हतं," ती म्हणाली.

मग तिने कमरेचा विळा काढला आणि पाठ वाकवून पुढच्या ओळीला लागली.